आईची दोन नावं आणि चावडीतली फरशी

आईच्या नावाने घरपट्टीचं मागणी बिल आलं ते फेब्रुवारीच्या शेवटी. आईच्या नावाने म्हणणं तसं चूक, कारण बिलावर नाव होतं आजोबांचं, आणि आजोबांना जाऊन तेहेतीस वर्षं झाली. घरपट्टी ७४० रुपये, दिवाबत्ती आणि आरोग्य कर त्याखाली, पाणीपट्टी वेगळी, वर दोन वर्षांची थकबाकी. बिल हातात देताना शिपाई म्हणाला, "नाना, मार्चएन्ड हाय, तेवढं बगा."

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अर्धं तिकीट कुणाला, माफी कुणाला, कोणतं कार्ड चालतं आणि कोणतं चालत नाही, याच्यात आयुष्य गेलं. हजारो लोकांना मी "कार्ड दाखवा" म्हटलं असेल. त्यामुळे बिल बघितल्यावर पहिला विचार आला तो हाच, की हिला माफी बसते का? वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. एकाहत्तर साली जमालपूरला लढलेली ती पलटण. वडील नाईक होऊन निवृत्त झाले आणि २०१४ साली गेले. आई माजी सैनिकाची विधवा, तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आणि २०२० साली राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने योजना काढलेली आहे: माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका घराची घरपट्टी माफ. गावांसाठी ग्रामविकास खात्याचा निर्णय, शहरांसाठी नगरविकासचा. त्याआधी ही सवलत शौर्यपदकवाल्यांपुरती होती.

म्हणजे चार वर्षं आम्ही उगाचच पट्टी भरत होतो, आणि त्यातली दोन वर्षं तीही भरली नव्हती.

चावडीत गेलो. आमची ग्रामपंचायत अजून जुन्या चावडीतच भरायची. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, तीन गावांना मिळून एक. ते आठवड्यातून दोनदा येणार. आले तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "योजना आहे की. पण घर कुठं आईंच्या नावावर आहे? नमुना आठला आजोबांचं नाव. माफी देऊ कुणाला?"

बोलणं चुकीचं नव्हतं. नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. त्यात आजोबांचं नाव काढून वडिलांचं आणि वडिलांचं काढून आईचं लागलं पाहिजे. त्यासाठी दोघांचे मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, माझं आणि दोन्ही बहिणींचं संमतिपत्र, अर्ज, मग मासिक सभेत ठराव. आणि दुसऱ्या बाजूने जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला, की ही बाई माजी सैनिकाची पत्नी आहे आणि हिने ही सवलत दुसऱ्या कुठल्या घरावर घेतलेली नाही.

मला वाटलं, महिनाभराचं काम. नऊ महिने लागले.

बहिणींची संमती सोपी झाली. धाकटी पुण्याला आहे, तिने पोस्टाने पाठवली आणि वर फोन करून विचारलं, "घर विकताय काय?" मी म्हटलं, "७४० रुपयं माफ करून घेतोय." ती हसली. पुढे नऊ महिने जो भेटेल तो याच गोष्टीवर हसला. प्रवासखर्चच त्याच्या तिप्पट झाला असेल, हे मलाही कळत होतं. पण कंडक्टरचा हिशोब वेगळा असतो. ज्याला माफी आहे त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले, तर ती रक्कम छोटी असली तरी चूकच.

साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात गेलो ते एप्रिलमध्ये. आई सोबत होती, तिचाच हट्ट. बाकावर आमच्यासारखे पंधरा-वीस जण. बहुतेक म्हातारे, काही बायका, एक तरुण पोरगी कडेवर लेकरू घेऊन. तिच्याकडे बघून सगळे आपोआप सरकले आणि तिला पुढे जाऊ दिलं. काउंटरवरचे गृहस्थ स्वतः फौजेतून आलेले, बोलण्यावरून कळत होतं. त्यांनी वडिलांचं डिस्चार्ज बुक हातात घेतलं ते जपून, कडा न दुमडता. पानं उलटली, आईचं आधार कार्ड घेतलं, दोन्ही शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, तुमची नावं दोन आहेत."

हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे इतकं माहीत होतं की आता त्याचं काही वाटतच नव्हतं. आमच्याकडे लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची चाल होती. वडिलांनी १९७२ साली, सुट्टीवर आले असताना, ते लिहिलं. गावात ती त्या नावाची झाली. रेशनकार्ड, मतदार यादी, पुढे आधार, सगळीकडे ते नाव. पण पलटणीत लग्न कळवताना त्या वेळच्या सरपंचांनी दाखल्यात माहेरचं नाव घातलं, आणि रेकॉर्डला तेच चढलं. फौजेचं सगळं त्या नावाने, निवृत्तिवेतनसुद्धा. ती दोन्ही नावं इथे लिहीत नाही, तिला आवडायचं नाही.

वडील गेले तेव्हा बँकेत एक प्रतिज्ञापत्र देऊन हे भागवलं होतं. आता निवृत्तिवेतनाचा सगळा कारभार स्पर्श नावाच्या संगणक प्रणालीवर गेला आहे, आणि संगणकाला तांदळातलं नाव कळत नाही.

त्या गृहस्थांनी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत. ते म्हणाले, घरपट्टीच्या दाखल्यापुरतं "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र आणि सरपंचांचा रहिवासी दाखला मी चालवून घेतो. पण एवढ्यावर थांबू नका. वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे बेळगावला, नाव दुरुस्तीचा अर्ज आमच्यामार्फत पाठवा. तिथे दुरुस्तीची नोंद प्रसिद्ध होईल, ती प्रयागराजला पेन्शन कार्यालयात जाईल आणि मग स्पर्शवर नाव बदलेल. वेळ लागेल. पण उद्या मावशींना दवाखान्यासाठी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नवीन करायचं झालं तर हेच नाव आडवं येणार आहे.

मग आईकडे बघून म्हणाले, "मावशी, कोणतं नाव ठेवायचं?"

आई म्हणाली, "त्यांनी लिवल्यालं."

प्रतिज्ञापत्राबद्दल एक सांगून ठेवतो. शासकीय कार्यालयात द्यायच्या बऱ्याचशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं, असा शासनाचा आदेश जुना आहे. तरी तहसीलच्या बाहेर झाडाखाली बसणारे लिहून देणारे आधी स्टॅम्प पेपरच पुढे करतात. मी त्यांना आदेशाचं सांगितलं, तर म्हणाले, "काका, स्टॅम्पवर असलं की सायब वाचत न्हाईत, सही करत्यात." मी स्टॅम्प घेतला. सगळ्याच लढाया लढायच्या नसतात.

दाखला तीन आठवड्यांत मिळाला. वारस नोंदीचा अर्ज मात्र चावडीत तसाच पडून. एप्रिलच्या मासिक सभेत विषय आला नाही. मे महिन्यात भाऊसाहेब रजेवर. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन बसायचो. चावडीच्या ओसरीवर सागवानी खांब, वर मंगळुरी कौलं, भिंती दगडी आणि दोन हात जाड. कडक उन्हात आत गारवा. बसून बसून त्या भिंतीचा एकेक दगड पाठ झाला. आणि अशाच एका मंगळवारी, नोटीस बोर्डाची काच पुसायला शिपायाने बोर्ड खाली उतरवला, तेव्हा मागे फरशी दिसली.

दिसली म्हणजे मला ठाऊक होती ती. लहानपणी आम्ही त्या भिंतीला टेकून गोट्या खेळायचो. पण मग बोर्ड लागला, भिंतीला दर निवडणुकीला रंग लागला, आणि फरशी डोक्यातून गेली. आता बघतो तर पांढऱ्या संगमरवरावर ऑइलपेंटचे तीन थर: खाली निळा, मधे पिवळा, वर मळकट गुलाबी. अक्षरं डोळ्यांनी वाचता येत नव्हती, बोटांनी चाचपून लागत होती. इंग्रजीत चारच ओळी. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ३१ माणसं गेली. त्यांपैकी चौघांनी प्राण दिले. गावाचं नाव वर, आजच्यापेक्षा वेगळ्या स्पेलिंगमध्ये.

अशा फरश्या इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर ज्या ज्या गावांतून भरती झाली तिथे लावल्या. आमच्या सातारा जिल्ह्यात त्या कितीतरी आहेत. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर त्याच युद्धातल्या ४६ जणांच्या मरणामुळे ओळखलं जातं, नावातच मिलिटरी आलं. आमचं गाव तेवढं मोठं नाही. एकतीस आणि चार.

मी शिपायाला म्हटलं, "बोर्ड जरा दुसरीकडं लाव." तो म्हणाला, "आता कशाला, नाना? दिवाळीच्या आत चावडीच पाडायची हाय."

नव्या ग्रामपंचायत इमारतीचा निधी मंजूर झाला होता. चावडी मोडकळीस आली म्हणून तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीतून वर गेला होता आणि मंजूर होऊन आलाही होता. निर्लेखन म्हणजे सरकारी वास्तू वहीतून काढून टाकणं. जुनं सागवान, कौलं, दगड यांची किंमत धरून लिलाव. मी यादी मागून बघितली. खांब ११, तुळया ६, कौलं नग इतके, दरवाजे २. फरशीचा उल्लेख नाही. म्हणजे जेसीबी लागला की ती डबरात जाणार.

आता माझे अर्ज दोन झाले. दोन फायली घेऊन मंगळवारी-शुक्रवारी चावडीत जायचो आणि लोक म्हणायचे, "नाना, पुढच्या इलेक्शनला उभं ऱ्हाताय जणू."

आधी मला वाटलं, हे पुरातत्त्व खात्याचं काम. विभागीय कार्यालयाला फोटोसह पत्र पाठवलं. महिन्याने सभ्य भाषेत उत्तर आलं: सदर वास्तू राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, तरी आपण स्थानिक स्वराज्य संस्थेशी संपर्क साधावा. त्यांचंही बरोबर होतं. राज्यभरातले किल्ले, लेणी, मंदिरं सांभाळता सांभाळता त्यांची दमछाक. त्यात गावोगावच्या दोन विती फरश्या कोण बघणार? मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वारसा समित्या असतात, जुन्या वास्तूंच्या याद्या असतात. गावाला तसलं काही नाही. गावाचा वारसा गावच्या मासिक सभेच्या हातात, आणि तिथे विषय क्रमांक सात म्हणजे "ऐनवेळी येणारे विषय".

पण दोन गोष्टी हाताला लागल्या. एक म्हणजे १९७२ चा पुरावशेषांचा केंद्रीय कायदा. त्यात शंभर वर्षांहून जुना कोरीव लेख पुरावशेष ठरतो. फरशी १९२० च्या आसपासची, म्हणजे शंभरी नुकतीच ओलांडलेली. आणखी काही वर्षं आधी पाडापाडी झाली असती तर हा मुद्दाच नव्हता. दुसरी म्हणजे घटनेतली अकरावी अनुसूची, ७३ व्या दुरुस्तीने आलेली. पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची ती यादी. त्यात सांस्कृतिक कार्यं आहेत, आणि शेवटचा, एकोणतिसावा विषय आहे सामूहिक मालमत्तेची देखभाल. दोन्ही गोष्टी अर्जात घातल्या. भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "नाना, हे तुम्ही लिहिलं?" मी म्हटलं, "एसटीत मेमोला उत्तर लिहायची सवय आहे."

खरं तर हे त्यांना बरं पडलं. अर्जात कायदा आला की त्यांना तो सभेपुढे ठेवावाच लागतो, आणि मग कुणी त्यांना बोल लावत नाही. भाऊसाहेब वाईट नव्हते, तीन गावांत वाटले गेलेले होते.

ग्रामसभा १५ ऑगस्टला. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. झेंडावंदनाला दोनशे होती, जिलेबी वाटून झाल्यावर बावीस उरली. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून खरी ग्रामसभा नेहमी तहकूबच असते. ती आठ दिवसांनी भरली, सत्तावीस माणसांत.

सरपंचताईंनी विषय वाचला. माझ्या पुतण्याच्या वयाचा एक पोरगा उठला. शिकलेला, चांगला पोरगा. म्हणाला, "इंग्रजांची पाटी आपण का जपायची? त्यांनी आपली माणसं त्यांच्या लढाईत मारली आणि वर दगड बसवला. गुलामीची खूण आहे ती."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्याचं खोटं नव्हतं. माझी आजी जात्यावर बसऱ्याला, म्हणजे आताच्या इराकात, लढायला गेलेल्या माणसाच्या ओव्या म्हणायची, त्यात इंग्रजाचं कौतुक नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. मी एवढंच म्हणालो की पाटी इंग्रजांची असेल, पण एकतीस माणसं आपल्या गावची आहेत, आणि त्यांचा दुसरा कागद गावाकडे नाही. ती कोण, हे कुणाला माहीत आहे का?

कुणालाच माहीत नव्हतं. चार-दोन घरांत "आमचा पणजा गेलता" एवढंच.

तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेले बौद्ध वस्तीतले एक आबा बोलले. ते ग्रामसभेत सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "त्या एकतीसात आमच्या वस्तीतले किती, ते लिवलंय का तितं?"

मी म्हटलं, "नाही आबा, नुसता आकडा आहे."

"मग बरंय," आबा म्हणाले. "नावं असती तर आमची गाळली असती." काही जण हसले, काही गप्प बसले. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या आज्याचा थोरला भाऊ लढाईत गेला तो आलाच नाही. घरात पितळी बिल्ला होता, त्याच्यावर इंग्रजी लिहिलेलं. दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून वापरायचे.

सभा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. बिल्ला अजून होता. तळहातभर रुंद, जड, पितळी नव्हे, काशाचा. ब्रिटानियाची उभी मूर्ती, पायाशी सिंह, आणि उजव्या बाजूला चौकटीत उठावाच्या अक्षरांत एक नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकार ही पदकं पाठवत असे, त्यांच्याकडे त्याला मेलेल्या माणसाचा पैसा म्हणत. त्यावर हुद्दा नसतो, पलटण नसते, फक्त नाव. हे मुद्दाम केलेलं, मेल्यावर साहेब आणि शिपाई सारखे म्हणून. आबांच्या घरचे म्हणतात, तो महार पलटणीत होता. १९१७ साली १११ महार्स नावाची पलटण उभी केली होती हे खरं, आणि लढाई संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडली हेही खरं. पण तो तिच्यातच होता की नाही, हे बिल्ल्यावरून कळत नाही.

चारांतलं एक नाव मिळालं होतं. मग मला चैन पडेना. शाळेतल्या गुरुजींनी राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. तिथल्या नोंदींत बऱ्याच वेळा बापाचं नाव आणि गाव असतं, पण कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. आमच्या गावाचं नाव आम्ही सात प्रकारे लिहून बघितलं. पाचव्या आणि सातव्या स्पेलिंगला दोघे सापडले. एक ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, दुसरा १०३ व्या. दोन्ही पलटणी इराकातल्या कुत गावाच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमारीत अडकलेल्या, आणि मग शरण गेलेल्या. दोघांचीही नोंद बसऱ्याच्या स्मारकाची.

१०३ म्हणजे पुढची जंगी पलटण. वडिलांची. ते हयात असते तर त्यांना सांगितलं असतं, की तुमच्या पलटणीत तुमच्या आधी आपल्याच गावचा एक माणूस होता, वरच्या आळीतला.

गुरुजींनी स्मारकाबद्दलही वाचून दाखवलं. बसऱ्याच्या त्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. पण हिंदी पलटणींच्या साध्या शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली नाहीत. पलटणीखाली फक्त आकडा. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं आहेत, बसऱ्याला नाहीत. २०२१ साली त्या आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. आमच्या चावडीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच.

ग्रामसभेचा ठराव झाला होता: फरशी काढून नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवावी, खर्च स्वनिधीतून. तो पोरगाही शेवटी हात वर करून मोकळा झाला. पण शाखा अभियंता म्हणाले, एस्टिमेटमध्ये हा आयटम नाही. मग सरपंचताईंनी त्यांना चहा पाजून विचारलं, भिंतीत कोनाडा ठेवायला आयटम लागतो का? कोनाड्याला लागत नव्हता.

फरशी काढायला शेजारच्या गावातून म्हातारे पाथरवट बोलावले. आमच्या गवंड्याने ब्रेकर मशीन आणलं होतं, ते त्यांनी बघूनच परत पाठवलं. फरशी चुन्यात बसवलेली होती. चुना भिजवला की सैल होतो, सिमेंट होत नाही, म्हणाले. गोणपाटं ओली करून एक दिवस लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी छिन्नीने कडेकडेने चुना काढत आणला. तरी खालचा डावा कोपरा गेला, आधीच तडकलेला होता. रंग काढायला कुणीतरी संडास धुवायचं ॲसिड घेऊन आलं. पाथरवटांनी ते अक्षरशः हातातून हिसकावलं. संगमरवरावर ॲसिड पडलं की दगडच फसफसतो, अक्षरं जातात. शेवटी रंगावर लावायचं रिमूव्हर थोडं थोडं लावून, बांबूच्या कामट्यांनी खरवडून, साध्या पाण्याने धुऊन, चार संध्याकाळी गेल्या. लोखंडी तारेचा ब्रश वापरायचा नाही, हेही त्यांचंच. तुमच्या गावात अशी फरशी असेल तर एवढं लक्षात ठेवा.

या सगळ्यात घरपट्टीचं काय झालं, ते विचाराल. सप्टेंबरच्या मासिक सभेत वारस नोंद झाली. ऑक्टोबरात माफीचा ठराव झाला, आणि त्यात भाऊसाहेबांनी गावातल्या इतर पात्र घरांचीही माहिती मागवली. निघाली नऊ. पाच माजी सैनिक, चार विधवा. विधवांतल्या एकीला सोडून कुणालाच योजना माहीत नव्हती, आणि त्या एकीला माहीत होती पण "कोण फिरंल" म्हणून सोडून दिली होती. तिचे कागद मी जमवले. तिच्या नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकवर पाणी पडलेलं, म्हणून परत बेळगावला पत्र.

थकबाकी माफ झाली नाही. ठरावाच्या तारखेपासून पुढे माफी, असं ठरलं. मी थोडा भांडलो, मग भरली. आता बिलावर घरपट्टीसमोर शून्य येतं. दिवाबत्ती आणि पाणीपट्टी चालू आहेच, आणि ती असावीच, पाणी आपण पितो. बिलावर नाव आईचं, तांदळातलं. बेळगावचं नाव दुरुस्तीचं पत्र अजून यायचंय.

चावडी नोव्हेंबरात पाडली. फरशी तोवर शाळेत, गुरुजींच्या कपाटामागे गोणपाटात गुंडाळलेली. नवी इमारत स्लॅबपर्यंत आली आहे, कोनाडा ठेवला आहे. त्याखाली काळ्या दगडाची एक लहान पट्टी बसवायची, नावांची, असं ठरलं. पाथरवटांनी विचारलं, "किती वळी?" मी म्हटलं, चार. नावं तीनच आहेत, पण वळी चार ठेवा. ते म्हणाले, "रिकामी वळ लोकांना खटकंल." आबा शेजारी उभे होते. म्हणाले, "खटकू दे की."

नोव्हेंबरातच आईला हयातीचा दाखला द्यायला केंद्रावर घेऊन गेलो. कोवळा पोरगा होता संगणकावर. मोबाइलचा कॅमेरा आईच्या चेहऱ्यासमोर धरला, डोळे उघडझाप करायला सांगितलं, मग पडद्याकडे बघत म्हणाला, "आजी, नाव सांगा."

आईने दोन्ही नावं सांगितली.